आई हाडांची गोळी घेतच नाही, काय करू?

हाडांच्या दवाखान्यात औषधांबद्दल समुपदेशन करते म्हणून हा प्रश्न मला सारखा येतो, बहुतेक वेळा मुलीचा नाहीतर सुनेचा फोन असतो. डॉक्टरांनी ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) सांगितलाय, आठवड्याला एकच गोळी आहे, ती पण घेत नाही, किती ओरडलं तरी ऐकत नाही वगैरे. आता ओरडून कोण गोळी घेतं सांगा मला.

मागे मिरजेकडच्या एक काकू आल्या होत्या (ओळखीच्या खुणा बदलल्यात). वय ६७. मागच्या दारी घसरून मनगट मोडलं, डेक्सा (हाडांची घनता मोजायची तपासणी) केली तर टी-स्कोर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत घनता किती ते सांगणारा आकडा, उणे ३.१ आणि उणे २.५ किंवा त्याच्या खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. आठवड्याला एक घ्यायची अलेंड्रोनेट ७० एमजीची गोळी सुरू झाली. सहा महिन्यांनी मुलगी तावातावाने घेऊन आली, कपाटात बऱ्याच स्ट्रिपा तशाच सापडल्या म्हणून. काकू गप्प. मी मुलीला केसपेपर काढायला पाठवलं आणि काकूंना विचारलं, गोळी कशी घेत होता हो? "घेता का" असं मी विचारत नाही, त्याला सगळे हो म्हणतात.

तर म्हणाल्या, "रात्री जेवून, दुधाबरोबर. हाडाचीच गोळी ना ताई, मग दूधच बरं. पण झोपलं की छातीत नुसतं जळजळायचं, मग दिली सोडून."

झालं, इथेच सगळं कळलं. ही गोळी सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबरच घ्यायची असते, कारण तशी घेतली तरी १ टक्क्याहून कमी औषध अंगात जातं, दुधातल्या कॅल्शियमबरोबर तर जवळजवळ काहीच नाही. आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेला झोंबते. हे कुणी सांगितलं नव्हतं? सांगितलं असणार, पण प्लास्टर घातलेल्या हाताने गर्दीत ऐकलेलं किती लक्षात राहतं.

मग हळूहळू बाकीचं निघालं. मनगट जुळलं, आता दुखत नाही तर गोळी कशाला. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं की याने जबडा सडतो, त्यात त्यांची एक दाढ काढायची होती! घरात हे कुणाला बोलल्या नव्हत्या. भीती खोटी नाही, पण ऑस्टिओपोरोसिसच्या डोसला हे फारच क्वचित होतं, जास्त करून कॅन्सरमध्ये शिरेतून मोठे डोस देतात तिथे दिसतं. दाढ आधी काढून घ्या आणि दातांच्या डॉक्टरांना या गोळीचं नक्की सांगा, इतकंच. आणि दुखत नाही हे खरंय, ठिसूळ हाड मोडेपर्यंत दुखत नाही, बीपीसारखंच.

चहावर मात्र बरीच घासाघीस झाली, पहाटे उठल्या उठल्या चहा लागतो. शेवटी ठरलं गुरुवार, बाजाराचा दिवस म्हणून विसरणार नाहीत. उठून गोळी, मग फुलं तोडायची, देवळात जाऊन यायचं आणि आल्यावर चहा, तोवर वाकून झाडलोट नाही, कॅल्शियमची गोळी दुपारच्या जेवणानंतर. एखादा गुरुवार हुकला तर दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायची, पुढची परत गुरुवारीच, एका दिवशी दोन कधीच नाहीत. मुलीला मी एवढंच म्हटलं की स्ट्रिपा मोजू नका, गुरुवारी देवळात सोबत जा.

जळजळ परत झाली नाही त्यांना. पण सगळ्यांचं असं जमत नाही, ज्यांना नीट घेऊनही त्रास होतो किंवा अर्धा तास बसताच येत नाही त्यांनी गुपचूप बंद न करता डॉक्टरांना सांगावं, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड आहे (पहिल्या वेळी एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते), दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन आहे. त्यातलं डेनोसुमॅब मात्र मनाने अजिबात थांबवू नका, थांबवलं की हाडांची झीज उलटून जोरात होते आणि मणके एकापाठोपाठ एक दबू शकतात, त्यामुळे गावाला जायचं असेल, लग्नकार्य असेल तर तारीख हुकायच्या आधीच दवाखान्यात फोन करा.