कंगव्यात 'मॅग्नेट' येत नाही! स्थितिक, कहरुबा आणि लोहचुंबक

प्रश्न असा आलाय की सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'स्थितिक विद्युत' आहे, क्लासचे सर 'स्थिर विद्युत' म्हणतात आणि घरचे म्हणतात केसांवर घासला की कंगव्यात मॅग्नेट येतं, तर बरोबर काय?

स्थितिक लिहा. 'स्थिर'ने कळतं, पण त्याचा 'न बदलणारा' असाही अर्थ होतो (स्थिरांक). 'स्थितिज' मात्र नको, ती ऊर्जा, वेगळं प्रकरण.

पण ते मॅग्नेटचं ऐकलं की खरंच डोकं उठतं, कारण शिकलेले लोकसुद्धा बिनधास्त बोलतात. कंगव्यावर प्रभार (इंग्रजीत चार्ज) येतो, चुंबकत्व नाही. जुलैत दादरला कंगवा घासून बघा, कागदाचे कपटे जेमतेम हलतील, दमट हवेत प्रभार निसटून जातो, आणि त्याच घरात फ्रिजवरचं मॅग्नेट पावसाळाभर चिकटून बसलेलं असतं. चुंबक तोडला तर दोन्ही तुकड्यांना उत्तर-दक्षिण ध्रुव असतातच, कंगव्यावर मात्र एकाच जातीचा जास्तीचा प्रभार राहू शकतो.

आणि हा फरक जुन्या शब्दांतच आहे हो! इलेक्ट्रिक हा शब्द ग्रीक 'एलेक्ट्रॉन'वरून, म्हणजे अंबर, झाडाच्या चिकाचा झालेला खडा, तोही घासला की कंगव्यासारखा काड्या ओढतो, हे सगळे सांगतात. फारसीकडे कोणी बघतच नाही. फारसीत अंबरला म्हणतात कहरुबा. 'काह' म्हणजे गवताची वाळकी काडी आणि 'रुबा' म्हणजे हिसकावून नेणारा, काडी पळवणारा! हा रुबा तुमच्या ओळखीचा आहे, दिलरुबा मधला, मन पळवणारी. आणि चुंबकाला फारसीत काय म्हणतात? आहनरुबा, लोखंड पळवणारा. हाच कहरुबा अरबीत गेला आणि आज अरब लोक घरातल्या विजेलाही 'कहरबा' म्हणतात.

आता संस्कृत बघा, अंबर म्हणजे तृणमणि, आणि चुंबक म्हणजे अयस्कान्त, लोखंडाचा लाडका. कुमारसंभवात तर शंकराचं मन उमेच्या रूपाने ओढून घ्या, अयस्कान्ताने लोखंड ओढावं तसं, असं ब्रह्मदेव देवांना सांगतो. म्हणजे दोन्ही भाषांत जोडी तीच, एक काडी ओढणारा, एक लोखंड. माझं स्पष्ट मत आहे की नाव देणाऱ्यांनी अंबर आणि चुंबक हे दोन्ही खडे हातात घेऊन बघितले होते, नुसतं नवल म्हणून नावं दिलेली नाहीत. युरोपात हा फरक नीट मांडला तो विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने, १६०० साली.

म्हणून जे शुद्धतावाले सांगतात की 'लोहचुंबक' मधला लोह फालतू आहे, नुसतं चुंबक म्हणा, त्यांचं मला अजिबात पटत नाही. चुंबक म्हणजे चुंबन घेणारा, पण कोणाचं ते लोह सांगतो ना! निकेल आणि कोबाल्टही ओढले जातात हा त्यांचा दुसरा मुद्दा, खरा आहे, पण म्हणून शब्द मोडायचा का? आणि फारसी म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांनी आधी मराठीतून 'हवा' आणि 'जमीन' काढून दाखवावं.

वीज आणि चुंबक यांचा संबंधच नाही असंही नाही बरं का, पण त्यासाठी वीज वाहायला लागते, १८२० साली ओर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाला तारेजवळची होकायंत्राची सुई हललेली दिसली ती वाहत्या विजेने. आपल्या कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी व्हायच्या, मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर ते काम १९०४ साली अलिबागला न्यावं लागलं, ट्रामच्या करंटने सुया बिघडल्या असत्या. 'स्थितिक' शब्दाचं महत्त्व इथे आहे, प्रभार जागच्या जागी असेल तर सुईला त्याचं चुंबकीय काही जाणवत नाही.

आणखी एक, हिंदी व्हिडिओ बघून मुलं 'धन आवेश' लिहायला लागलीत. मराठीत आवेश म्हणजे त्वेष. पेपरात धनप्रभार आणि ऋणप्रभार लिहायचं.