मुरबाडच्या गवतात क्लोव्हर रुजेल का?

प्रश्न : मुरबाड तालुक्यात डोंगराकडेला आमचं गवताचं रान आहे. मी ठाण्यात नोकरीला, म्हशी भाऊ बघतो. व्हिडिओत न्यूझीलंडचे शेतकरी नांगरट न करता उभ्या गवतात क्लोव्हर या शेंगवर्गीय चाऱ्याचं बी टाकताना दिसतात. ऑनलाइन बी मिळतंय, मागवू का?

उत्तर : दादा, बी मागवू नका, पण पद्धत मात्र नक्की घ्या! पांढरा क्लोव्हर थंड हवेतला, मुळं उथळ, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात मुरमाड उतारावर तो तग धरणार नाही, शिवाय त्याच्या मुळांवर हवेतला नत्र देणाऱ्या गाठी धरायला जे जिवाणू लागतात ते आपल्या मातीत सहसा नसतात. बरसीम हा क्लोव्हरचाच भाऊबंद, पण तो रब्बीत पाणी देऊन घ्यायचा, भातखाचरात पाण्याची सोय असेल तर जरूर करा.

डोंगराच्या रानात स्टायलो हमाटा हा शेंगवर्गीय चारा टाका. हलकी जमीन चालते, पाणी तुंबलेलं मात्र चालत नाही, आणि चवळीच्या गटातले जिवाणू त्याला चालतात, ते आपल्याकडे बहुतेक असतातच. फोकून पेरायचं तर एकरी साधारण ४ किलो बी. बियांची साल कडक, म्हणून ८० अंशाच्या पाण्यात ४-५ मिनिटं ठेवून काढायचं, नाहीतर निम्मं बी नुसतं पडून राहतं.

आता खरी मेख सांगतो, बहुतेकांचं बी उगवतं आणि मग गवताच्या सावलीत मरतं. क्लोव्हरचंही तिकडे हेच होतं, म्हणून ते लोक आधी जनावरं सोडून गवत अगदी खाली खाऊन घेतात. तुम्हीही मे अखेर रान चारून घ्या, दाताळ्याने माती खरवडा आणि पहिल्या पावसात बी टाका, वर जेमतेम १ सेंटीमीटर माती, जास्त नको. सुपर फॉस्फेट द्या, युरिया अजिबात नको, कारण युरियाने गवतच माजतं आणि रोपं दबतात. जुलैत गवत रोपांच्या वर गेलं की ते वरच्यावर कापा, भाऊंना कंटाळा आला तरी हे चुकवू देऊ नका.

पहिल्या वर्षी चारा फार दिसणार नाही. वखारीला गवत द्यायची घाई असते हे मला माहीत आहे, तरी पहिल्या वर्षी स्टायलोचं बी पिकून खाली पडल्यावरच कापणी करा म्हणजे पुढच्या पावसात ते आपोआप उगवेल, आणि उन्हाळ्यात रानाला वणवा लागू नये म्हणून कडेने जाळरेषा, म्हणजे गवत काढलेला मोकळा पट्टा, काढून ठेवा.