नोकरी सोडून घरात रमले, म्हणजे माझं चुकलं का?

नोकरी सोडली, आता घरातच राहावंसं वाटतं. हा आळस आहे की देवाचं बोलावणं? माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती बायका हे वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. त्यातल्या एकीची हकीकत तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ती अकाउंट्स बघायची. मार्चअखेर आली की घरी पोचायला रात्रीचे नऊ-दहा वाजायचे. रविवारी उपासना संपली की महिला मंडळाच्या जमाखर्चाची वही, डिसेंबरात कॅरलची प्रॅक्टिस. शेवटी एका मार्चनंतर तिने राजीनामा दिला. नवरा शाळेत शिक्षक, त्याने हरकत घेतली नाही. पण घरी आल्यावर मोकळं वाटायच्या ऐवजी तिला टोचणी लागली. चर्चच्या दारात कुणी विचारलं, "मग, आता घरीच का?" की ती "बघतेय दुसरं काहीतरी" म्हणून पुढे सटकायची. दुसरं काही ती बघत नव्हती. खोटं बोलल्याची आणखी एक बोच तेवढी वाढायची.

सगळ्यात खोल लागलं होतं ते वडिलांचं बोलणं. ते का लागलं, हे आपल्या समाजाबाहेरच्या माणसाला चटकन कळणार नाही. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले, शाळा निघाल्या. पुढे १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांनी मिरजेत हॉस्पिटल सुरू केलं. या भागातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत आजी नाहीतर पणजी शिक्षिका किंवा नर्स होती. ती शिकली, पगार घरात आला, म्हणून पुढची पिढी उभी राहिली. हिची आजीसुद्धा मिरजेला नर्स होती. वडील एवढंच म्हणाले, "माझ्या आईनं नाइट ड्युट्या करून आम्हाला वाढवलं, आणि तू..." पुढचं ते बोललेच नाहीत. ते न बोललेलं वाक्य ती माझ्यासमोर पुरं करत होती, दर वेळी जास्त कडू करून.

बरोबर की चूक, हे मी लगेच सांगितलं नाही. आठवडाभर एक वही ठेवायला सांगितलं. घरात शांत असताना काय केलं आणि त्यानंतर कसं वाटलं, एवढंच लिहायचं. त्यातल्या दोन नोंदी आमच्या कामाच्या ठरल्या. एक अशी: "मुलं शाळेला गेली. ओट्याजवळ उभ्यानं चहा प्यायले. स्तोत्र वाचलं. मग शेजारच्या काकूंना भाजी आणून दिली. छान वाटलं." दुसरी: "दुपारी फोन वाजला, उचलला नाही. आईचा होता. पडून राहिले. संध्याकाळी स्वतःचाच राग आला."

बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळी बाई घरी शांत बसलेली दिसेल. पण पहिल्या शांततेतून ती माणसांकडे गेली आणि दुसऱ्या शांततेत ती माणसांपासून लपली. नोकरी करावी की घरी राहावं, यापेक्षा मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. उदासी सलग दोन आठवडे टिकली, आवडत्या गोष्टीतही मन लागेना, झोप आणि भूक बिघडली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर त्याला भक्तीतली शांतता समजू नये. तिथे डॉक्टरांना भेटावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येतं. प्रार्थना आणि उपचार एकमेकांच्या आड येत नाहीत. बायबलमधला संदेष्टा एलीया रतामाच्या झाडाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं. प्रवचन दिलं नाही. हिची झोप-भूक ठीक होती, मुलांत मन रमत होतं. ती थकली होती आणि आईवडिलांना तोंड द्यायला घाबरत होती.

मार्था आणि मरीयेची गोष्ट तीच घेऊन आली. येशू घरी आला तेव्हा मरीया त्याच्या पायांशी बसून ऐकत राहिली आणि तिची बहीण मार्था पाहुणचाराच्या कामात गुंतली, ती गोष्ट. आपण मरीया व्हायला हवं आणि आपल्यात सगळी मार्थाच भरली आहे, असा तिचा समज. मी तिला लूकच्या शुभवर्तमानातला तो उतारा पुन्हा वाचायला लावला. येशू मार्थेला स्वयंपाक केल्याबद्दल बोलत नाही. पुष्कळ गोष्टींची काळजी करून तिची जी दगदग चालली आहे, तिच्याबद्दल बोलतो. आणि योहानाच्या शुभवर्तमानात त्यांचा भाऊ लाजर वारल्यावर येशूला सामोरी जाते ती मार्थाच. हे वाचून ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे नोकरी सोडली तरी दगदग माझ्याबरोबर घरी आलीच की."

नंतर नवऱ्यालाही बोलावलं. थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रात, चौथ्या अध्यायात, पौल शांतपणे राहायला आणि आपल्या हातांनी काम करायला सांगतो. पण लगेच पुढच्या वचनात कशाची गरज पडू नये, हेही येतं. म्हणून हिशेब मांडला. एका पगारात मुलांची फी, घराचा हप्ता, आजारपण कसं निभावणार? कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबरच संपला होता आणि तोवर कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. आधी तो काढायचं ठरलं. नवऱ्याने स्वतःहून कबूल केलं, की ती घरी असते म्हणून आपण जेवलेलं ताटही उचलत नाही. सगळ्यांच्या वाट्याची कामं एकटीवर पडली तर तिला शांतता कुठून मिळणार?

इथे एक स्पष्ट सांगते. तीताला लिहिलेल्या पत्रातलं, बायकांनी घरचं काम पाहावं असं सांगणारं वचन पुढे करून कुणी सुनेला किंवा बायकोला घरी बसवत असेल, तर मी त्या घराच्या बाजूने बोलत नाही. नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातली गुणवती स्त्री शेत विकत घेते, कापड विकते. निवड तिची स्वतःची हवी.

हिने निवड केली. महिला मंडळाची वही दुसऱ्या बाईकडे दिली, संडे स्कूल ठेवलं. आठवड्यातल्या दोन दुपारी राजारामपुरीतल्या एका दुकानाचे हिशेब ती घरून बघते. आईचा फोन आता उचलते. वडील अजून नाराज आहेत. दर गुरुवारी ती त्यांच्याकडे जेवायला जाते, आणि कुणी विचारलं तर सरळ सांगते, "हो, मी घरी असते."