राणीची सखी मानाची दासी असे की खरी मैत्रीण?

राणीच्या निकट वावरणाऱ्या सखीला मानाची दासी म्हणावे की मैत्रीण, असे आपण विचारले आहे. इंग्लंडची राणी ॲन आणि सारा चर्चिल या दोघींविषयी मी पुष्कळ वाचले आहे, म्हणून त्यांच्याच आधारे उत्तर देतो. माझ्या मते ती दोन्ही असे, आणि तिचे सुखदुःख त्यातूनच उपजत असे.

आधी दासीपण पाहू. शयनगृहातील चाकरीत दोन पायऱ्या असत. वर उमराव घराण्यांतील स्त्रिया आणि त्यांच्या हाताखाली सेविका. सकाळी राणीची वस्त्रे सेविकेने उचलून उमराव स्त्रीच्या हाती द्यायची आणि तिने ती राणीला घालायची, असा शिरस्ता होता. हात धुण्यासाठी हुजऱ्या तस्त आणि झारी आणून ठेवी. ती राणीपुढे मांडून सेविका टेबलाच्या पलीकडे गुडघे टेकून बसे आणि राणीच्या हातांवर पाणी घाली. त्या वेळी उमराव स्त्री केवळ पाहत उभी असे. राणीला स्वतःला जमले नाही, तर तिच्या हातांत मोजेही सेविकाच चढवी. ॲनला गाऊटचा, म्हणजे सांधे सुजून दुखण्याच्या विकाराचा, त्रास होता, हे लक्षात घेतले म्हणजे या शेवटच्या कामातली जवळीक कळते.

आता मैत्री. दोघींची ओळख लहानपणापासूनची. ॲन राजकन्या असतानाच पत्रव्यवहारात पदांचा अडसर नको म्हणून दोघींनी टोपणनावे घेतली होती; ॲन झाली मिसेस मॉर्ले, आणि साराने आपल्या मोकळ्या बोलण्याला साजेसे मिसेस फ्रीमन हे नाव निवडले. १६९२ मध्ये ॲनची बहीण राणी मेरी हिने साराला दूर करण्याचा आग्रह धरला, तेव्हा ॲनने राजवाड्यातले आपले निवासस्थान सोडले, पण साराला सोडले नाही. पुढे १७०२ मध्ये ॲन गादीवर आली आणि राणीची वस्त्रे, शयनगृह व खासगी खजिना या तिन्हींची मुख्य जबाबदारी तिने साराला दिली.

मात्र सारा दरबारी कमी येऊ लागली आणि आली की व्हिग या तेव्हाच्या संसदेतील पक्षाची बाजू राणीला पटवण्यातच वेळ घालवू लागली. सतरा गरोदरपणांनंतर एकही मूल न उरलेल्या, आजारी स्त्रीला वादविवाद नको होता, सोबत हवी होती, असे मला मनापासून वाटते. ती सोबत दिली ॲबिगेलने. साराची ही गरीब नातेवाईक साराच्याच शब्दावरून सेविका झाली होती. १७०८ मध्ये विजयाच्या प्रार्थनेला जाताना साराने काढून ठेवलेले दागिने राणीने घातले नाहीत. त्यावरून भांडण झाले आणि चर्चपाशी साराने राणीला, लोक ऐकतील, गप्प राहा, असे बजावले. मैत्रिणीला असे बोलणे खपले असते. पण बोलणारी राणीची चाकरही होती. १७१० च्या एप्रिलमध्ये केन्सिंग्टन येथे झालेल्या अखेरच्या भेटीत सारा रडून विनवीत राहिली, तरी उत्तर मिळणार नाही, एवढेच राणी पुन्हा पुन्हा म्हणाली.

जानेवारी १७११ मध्ये साराला पदाची सोन्याची किल्ली परत करावी लागली. वस्त्रे आणि शयनगृह यांची मानाची पदे सॉमरसेटच्या डचेसकडे, म्हणजे एका बड्या उमरावाच्या पत्नीकडे, गेली. खासगी खजिना मात्र राणीने ॲबिगेलच्या हाती दिला.