दादाला बघणं हे करिअर नव्हे

बार्शी तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलंय. चार पानांचं आहे, म्हणून मुद्द्यापुरतं देतो:

"मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, ७१ टक्के. नीटमध्ये मार्क कमी पडले. तिचा मोठा भाऊ २३ वर्षांचा, मतिमंद आहे. अठराव्या वर्षी त्याची शाळा सुटली, तेव्हापासून घरीच असतो. हल्ली वर्षभर रात्री झोपत नाही, स्वतःचा हात चावतो, आंघोळीला नेलं की चिडतो. ऐकतो ते फक्त बहिणीचं. मुलगी म्हणते, मला अशाच मुलांसाठी काम करायचंय. स्पेशल टीचर होऊ की सायकॉलॉजी घेऊ? हे म्हणतात, त्यात पैसा नाही, आणि उद्या स्थळं बघताना लोक विचारतील, वेड्यांच्या दवाखान्यात असते का? मला मात्र वाटतं, हे शिकली तर घरच्या घरी दादाला बघेल. आमच्यामागे त्याला कोण आहे?"

ताई, मुलीचा प्रश्न सोपा आहे. त्याचं उत्तर खाली देतोच. पण तुम्ही जाता जाता लिहिलेल्या "घरच्या घरी दादाला बघेल" या वाक्यापाशी मी दोनदा थांबलो. अशा घरांतल्या बहिणी माझ्याकडे बऱ्याच येतात. त्यांतल्या काहींना हे काम खरंच आवडतं. काहींना नाही म्हणता येत नाही. अठराव्या वर्षी या दोन्ही मुली अगदी सारखंच बोलतात, म्हणून तुमची लेक यांतली कोणती, हे मला पत्रावरून कळणार नाही. ते कसं शोधायचं ते सांगतो.

त्याआधी दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या करू. तुमच्या यजमानांच्या डोक्यात त्या एकत्र झाल्यात आणि मुलीच्या प्रश्नातही थोड्या झाल्यात. तुमच्या मुलाला आहे ती बौद्धिक अक्षमता. ती लहानपणापासून असते, औषधानं जात नाही, पण शिकवलं की माणूस पुढे सरकतो. मानसिक आजार कोणालाही, कोणत्याही वयात होऊ शकतो आणि त्यावर उपचार असतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता स्पष्ट बाहेर ठेवली आहे. त्यामुळे ही दोन क्षेत्रं, दोन प्रकारचं शिक्षण आणि दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत.

पण एकाच माणसाला दोन्ही असू शकतं, आणि तुमच्या घरात मला तीच शंका येते. शाळा सुटली, मित्र सुटले, दिवसाला आकार राहिला नाही, आणि आता झोप नाही, हात चावणं, चिडचिड. घरचे म्हणतात, "तो आहेच तसा." नेहमी हेच होतं. बोलून सांगता येत नाही त्या मुलाचं नैराश्य मतिमंदत्वाच्या नावावर खपून जातं. कधी साधी दाढ दुखत असते, कधी बद्धकोष्ठ असतं. आधी फिजिशियनला आणि दंतवैद्याला दाखवा, मग सोलापूरला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. मुलीच्या ॲडमिशनपेक्षा हे तातडीचं आहे.

आता काम कसं असतं ते. विशेष शाळेत मुलाला शर्टाची बटणं लावायला शिकवायची तर बाई पहिल्या बटणापासून सुरुवात करत नाहीत. सगळी बटणं स्वतः लावतात, शेवटचं काजात अर्धं घालून ठेवतात. मुलानं ते फक्त ओढायचं. ओढलं की शर्ट लागला! पूर्ण झाल्याचा आनंद त्याचा. काही आठवड्यांनी शेवटचं बटण पूर्ण त्याच्याकडे, मग शेवटची दोन. असं शेवटाकडून वर सरकत जायचं. एका शर्टाला शाळेचं अख्खं सत्र जाऊ शकतं, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा दोन बटणं मागे. ज्याला यात गंमत वाटते त्यानं या कामात यावं. ज्याला फक्त कणव वाटते तो तीन वर्षांत थकतो. मी थकलेल्या शिक्षिका पाहिल्या आहेत, त्यांतल्या बहुतेक अतिशय चांगल्या मनाच्या होत्या.

मोठ्या मुलांना काम शिकवणाऱ्या कर्मशाळेत हेच तंत्र लाकडी पट्टीवर दिसतं. मुलाला दहापर्यंत मोजता येत नाही, पण दहा खाचांच्या पट्टीत दहा पणत्या ठेवता येतात. पट्टी भरली की पाकीट झालं. ती पट्टी कोणाला कशी करून द्यायची हे सुचणं म्हणजेच या पेशातलं कौशल्य.

मानसिक आरोग्याच्या बाजूचं काम निराळं. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथल्या सामाजिक कार्यकर्त्याचा बराच वेळ, बरा झालेला माणूस घरी परत पाठवण्यात जातो. पत्ता जुना असतो, फोन लागत नाही, लागला तर पलीकडून सांगतात की ते आता इथे राहत नाहीत. डॉक्टर औषध देऊन मोकळे होतात. भावाला आणि वहिनीला समजावून दार उघडायला लावणं याचं काम. शिवाय जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची पथकं असतात, आणि ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ ही टेली मानस हेल्पलाइन चोवीस तास चालते, तिथेही प्रशिक्षित समुपदेशक बसतात. यातल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात, हे आत्ताच सांगून ठेवतो.

मग वाटा कोणत्या?

विशेष शिक्षिका व्हायचं तर बारावीनंतर दोन वर्षांचा विशेष शिक्षणाचा डी.एड. आहे, बौद्धिक व विकासात्मक अक्षमता या शाखेचा. कोणतीही शाखा चालते, खुल्या गटाला बारावीला किमान ५० टक्के लागतात. पुढे पदवी आणि विशेष बी.एड. करता येतं. इथे एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची: कॉलेजला त्या वर्षासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता आहे का? परिषदेच्या संकेतस्थळावर यादी असते. १९९२ च्या कायद्याप्रमाणे परिषदेच्या नोंदवहीत नाव आणि नंबर असल्याशिवाय हे काम व्यवसाय म्हणून करणं गुन्हा आहे. शहरांत सहा महिन्यांचे "स्पेशल एज्युकेशन डिप्लोमे" सर्रास विकले जातात. प्रमाणपत्र झकास, नंबर नाही. मागच्याच महिन्यात एक मुलगी असं प्रमाणपत्र लॅमिनेट करून घेऊन आली होती. काय सांगणार तिला?

सायकॉलॉजीची वाट लांब आहे. पदवी, मग एम.ए., आणि तेवढ्यावर ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यासाठी आरसीआयमान्य व्यावसायिक अभ्यासक्रम लागतो. आजवर तो दोन वर्षांचा एम.फिल. होता. देशातून एम.फिल. बंद होत असल्यानं इथे नवे अभ्यासक्रम येत आहेत, आणि तुमची लेक तिथवर पोचेल तेव्हा चित्र बदललेलं असेल. एकूण सात-आठ वर्षं धरा. दूरशिक्षणानं सायकॉलॉजी करू म्हणत असेल तर २०२५ च्या सत्रापासून यूजीसीनं ते बंद केलंय. एम.ए. करून शाळेत समुपदेशक होता येतं, तीही चांगली नोकरी आहे, फक्त दोन्हींत गल्लत नको. माणसांशी आणि कुटुंबांशी बोलण्यात रस असेल तर पदवीनंतर एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, बघा. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आहे, मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था (टिस) आणि निर्मला निकेतन.

आणि एक वाट तुम्ही दोघींनीही लिहिलेली नाही, ती म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं स्वतःची स्वतः करता यावीत म्हणून दिलेले उपचार. चार वर्षांची पदवी आणि त्यावर इंटर्नशिप. महाराष्ट्रात याचा प्रवेश नीटवरूनच होतो. म्हणजे एमबीबीएसला कमी पडलेले मार्क इथे कामी येऊ शकतात, फक्त नीटच्या पात्रतेची अट काय आहे ते आधी तपासा. मुंबईत केईएम, नायर, सायन या पालिकेच्या कॉलेजांत हा कोर्स आहे, नागपुरात शासकीय कॉलेजात आहे. बटणं, चमचा, पेन्सिलची पकड, आवाजाला घाबरणारं मूल हे सगळं यात येतं, आणि स्वतःचं सेंटर काढता येतं. सायन्सची मुलगी, हे काम हातानं करायचं, तर माझं मत इकडे झुकतं. नीटची फेरी संपायच्या आत निर्णय घ्या.

यजमानांचा पैशाचा मुद्दा मी खोडून काढणार नाही. विनाअनुदानित विशेष शाळेत सुरुवातीला पाच आकडी पगार काही ठिकाणी जेमतेम मिळतो. अनुदानित शाळेत वेतनश्रेणी असते, पण जागा निघायला वाट बघावी लागते. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये साध्या शाळांतही प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण घालून दिलंय. भरती त्या वेगानं होत नाही. पण नंबर असलेल्या माणसाची गरज कागदावर तरी कायम झाली. थेरपिस्टची कमाई शहरात बरी असते, तालुक्याला ती स्वतः उभी करावी लागते. स्थळांचं म्हणाल तर, जे लोक तो प्रश्न विचारतील ते दादाला बघूनही परत जाणारच आहेत.

आता तुमचं ते वाक्य. लेक शिकून हुशार शिक्षिका झाली तरी ती दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना बटणं शिकवून संध्याकाळी घरी पुन्हा तेच करू शकणार नाही. करू नये. बहीण म्हणून ती त्याच्याशी पत्ते खेळेल, रुसेल, भांडेल. त्याची तजवीज वेगळी करायची असते आणि ती आईवडिलांनी हयातीत करायची असते. मुलगा अठरा पूर्ण झाला की कायद्यानं तुम्हीही आपोआप त्याचे पालक राहत नाही, हे अनेकांना बँकेत गेल्यावर कळतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. त्याच न्यासाची निरामय योजना एक लाखापर्यंत आरोग्य विमा देते. पाच वर्षं उशीर झालाय, या महिन्यात कलेक्टर कचेरीत चौकशी करा. आणि जवळची प्रौढांची कर्मशाळा शोधा.

मुलीसाठी माझं सांगणं एवढंच: फॉर्म भरायच्या आधी पंधरा दिवस सोलापूरच्या एखाद्या विशेष शाळेत रोज जाऊन बसू दे. मुख्याध्यापकांना भेटून सांगितलं तर सहसा नाही म्हणत नाहीत. अट एकच, दादाला सोबत न्यायचं नाही. संध्याकाळी ती काय सांगते ते ऐका. "बिचारी मुलं" एवढंच सांगत असेल तर मला फोन करा, दुसरं काही बघू. "आई, त्या एका पोराला चमचा का धरता येत नाही कळलं मला" असं सांगत आली, तर नीटचं स्कोअरकार्ड, बारावीची मार्कशीट आणि डोमिसाइल हाताशी काढून ठेवा.

दादाच्या कर्मशाळेला त्याचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, लागेल, दोन फोटो आणि एक जादा शर्ट. डबा त्याचा त्याला उघडता येईल असा घ्या. झाकण आधी तुम्ही अर्धं सैल करून द्या.