अशिलाचं गुपित आणि वकिलाचा लॅपटॉप

प्रश्न : मी कायद्याच्या चौथ्या वर्षाला आहे आणि एका वकिलांकडे इंटर्नशिप करते. तिथे अशिलांची कागदपत्रं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतात, ई-मेलचा पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असतो, आणि जाडजूड फाइल आली की ती फुकटच्या एआय चॅटबॉटमध्ये टाकून सारांश काढतात. मला हे फार खटकतं. कॉम्प्युटरची आवड पहिल्यापासून आहे. कायदा सोडून सायबर सुरक्षेकडे वळू का?

उत्तर : कायदा सोडू नकोस. तुला जे खटकतंय, तो वकिलीचा गाभाच आहे. माणूस घरच्यांपासून लपवलेली गोष्टही वकिलाला सांगतो. ती जपण्याची जबाबदारी वकिलाचीच. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्याच्या गळ्यात ती घालता येत नाही. तंत्रज्ञानाचे फायदे आणि धोके माहीत असणं हा वकिलाच्या सक्षमतेचाच भाग आहे, असं अमेरिकन बार असोसिएशन या तिथल्या वकिलांच्या संघटनेने 2012 मध्ये वकिलांच्या वर्तनाच्या आपल्या आदर्श नियमांच्या टिप्पणीत नोंदवलं.

एक गोष्ट आधी सांगते. तुझ्या पत्रात एका कौटुंबिक खटल्याचा तपशील होता. तो मी छापलेला नाही आणि तुझा ई-मेलही डिलीट केला आहे. गोपनीयतेचं बंधन इंटर्नलाही असतं, अगदी सल्ला मागतानाही.

हॅकर वगैरे लांबची गोष्ट, गुपितं बऱ्याचदा साध्या अज्ञानातून फुटतात. जानेवारी 2019 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांचे माजी प्रचारप्रमुख पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी अमेरिकेत कोर्टात एक पीडीएफ दाखल केली. गोपनीय ओळींवर काळे पट्टे होते. पत्रकारांनी त्या ओळी कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केल्या आणि मजकूर जसाच्या तसा समोर आला, कारण पट्ट्याखाली अक्षरं तशीच होती. म्हणून मजकूर झाकायचा नाही, फाइलमधून काढूनच टाकायचा, आणि पाठवण्याआधी ती प्रत स्वतः उघडून त्यात ते शब्द शोधून बघायचे. वर्डच्या फाइलचंही तेच. जुन्या दुरुस्त्या आणि कॉमेंट्स राहून गेल्या, तर तडजोडीत आपण कुठवर खाली यायला तयार आहोत हे समोरच्या वकिलाला आयतं कळतं.

मोठ्या प्रमाणावर काय होतं, ते 2016 मध्ये ‘पनामा पेपर्स’नी दाखवलं. मोसॅक फोन्सेका या एकाच लॉ फर्मची सुमारे 1.15 कोटी कागदपत्रं बाहेर आली आणि 2018 मध्ये फर्म बंद पडली.

चॅटबॉटबद्दल तुझी शंका रास्त आहे. अनेक फुकट सेवांच्या अटींनुसार आपण टाकलेला मजकूर कंपनीकडे साठतो आणि प्रशिक्षणासाठीही वापरला जाऊ शकतो. नाव खोडलं तरी तारखा आणि प्रसंगांवरून माणूस ओळखू येतो.

सीनियरना चुकांची यादी वाचून दाखवू नकोस. ज्युनियरचं असं बोलणं कुणी ऐकून घेत नाही. “सर, प्रत्येकाचं लॉगिन वेगळं करून टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून देऊ का?” एवढंच विचार आणि एका दुपारी ते करून दे. अशिलाचा एकही कागद स्वतःच्या फोनमध्ये ठेवू नकोस.

पदवी पूर्ण कर. सोबत एन्क्रिप्शन कसं चालतं आणि डिजिटल पुराव्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा डिजिटल ठसा, कशासाठी घेतात, हे नीट शिक. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी हॅश बदलतो. उलटतपासणीत हे समजणारा वकील वेगळाच प्रश्न विचारतो. पुढे डेटा संरक्षण कायदा, कंपन्यांचं गोपनीयतेचं काम, सायबर गुन्ह्यांचे खटले, या सगळीकडे दोन्ही बाजू कळणारी माणसं हवी असतात. सायबर सुरक्षेचा कोर्स पदवीनंतर करता येईल. तेव्हा कोणता निवडायचा ते सांगायला मी आहेच.