दिल्लीला निघण्याआधी

प्रिय बाय,

तुझं पत्र पोचलं. दोन प्रश्न विचारलेस. कॉलेजातल्या ग्रुपने युक्रेनच्या निर्वासितांसाठी कपडे गोळा करायचं ठरवलंय, त्यात पुढे व्हावं का. आणि अफगाण कुटुंबांबरोबर काम करणाऱ्या संस्थेकडे तीन महिने दिल्लीला जावं का. पहिल्याला माझं उत्तर नाही, दुसऱ्याला हो. एवढं पोस्टकार्डावर मावलं असतं. पण कारण सांगितल्याशिवाय तू कुणाचं ऐकत नाहीस, आणि रिटायर झाल्यापासून मलाही लांबण लावायची खोड लागली आहे.

आधी कपडे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली आणि चार दिवसांत मदतीचे टेंपो यायला लागले. एका शाळेच्या वर्गात आम्ही ते उपसत होतो. फॉल सुटलेल्या साड्या, एकेकटे मोजे, कुणाचा तरी ब्लेझर, लग्नातला फेटा. बाहेर चिखल. लोकांना हवे होते खराटे, फावडी, गमबूट, फिनेल, प्यायचं पाणी. कपड्यांच्या ढिगाला खोली लागली, खोलीला राखण लागली, आणि शेवटी त्यातलं निम्मं टाकून यायला पुन्हा टेंपो लागला. त्याच शाळेच्या ओट्यावर कॉलेजची चार पोरं भिजलेली रेशनकार्डं, सातबारे, पासबुकं, दहावीची सर्टिफिकेटं पान पान सुटं करून वर्तमानपत्राच्या घड्यांत वाळवत बसली होती. त्यांचा फोटो कुठे आला नाही. पण पंचनाम्यानंतर ज्यांच्या हातात कागद होते त्यांची कामं भराभर पुढे गेली, हे मी डोळ्यांनी बघितलं.

युक्रेनचं तर आणखी सोपं आहे. पोलंड-जर्मनीत कपड्यांचा दुष्काळ नाही. इथून खोका पाठवायला जे भाडं आणि कस्टमची जी कटकट, तेवढ्यात तिकडे नवा कोट येतो. ग्रुपला काही करायचंच असेल तर पैसे द्या. मात्र एकाच्या जीपेवर सगळ्यांचे जमवून पुढे ढकलायचे, असलं काही करू नका. लोकांकडून वर्गणी काढायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, गणपती मंडळं घेतात तीच, कलम 41-क ची. ती नको असेल तर प्रत्येकाने आपापल्या खात्यातून संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेला किंवा भरवशाच्या संस्थेला परस्पर द्यावेत आणि पावती जपून ठेवावी. मी बँकेत जन्म घालवला. पावती नसलेल्या दानावर माझा विश्वास नाही.

तुमच्यातल्या एकाने म्हणे विचारलं, युक्रेनचं आपल्याला काय पडलंय? त्याला तुझ्या बाबांच्या होडीवर पाठव. रशियाने 24 फेब्रुवारी 2022 ला हल्ला केला. महिना व्हायच्या आत घाऊक ग्राहकांचं डिझेल लिटरमागे एकदम 25 रुपयांनी चढलं. घाऊक म्हणजे एसटी, कारखाने, आणि त्याच यादीत आपल्या मच्छीमार सोसायट्या. सोसायटीच्या पंपापेक्षा रस्त्यावरचा पंप स्वस्त, असा उलटा न्याय झाला. हर्णैच्या लिलावात सुरमईचा भाव काही युक्रेनच्या खारकिवकडे बघून ठरत नाही, तेव्हा ती वाढ कुठून भरून निघाली असेल? मालकाच्या आणि खलाशांच्या वाट्यातून. घरात सूर्यफुलाचं तेल महागलं, कारण ते आपल्याकडे सगळ्यांत जास्त युक्रेनमधूनच यायचं. लोक पामतेलाकडे वळले तर एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच बंद केली. मे महिन्यात आपल्या सरकारने गव्हाची निर्यात थांबवली, म्हणजे आपला गहू मिळेल म्हणून बसलेल्या आणखी कुठल्या तरी देशाच्या चुलीपर्यंत ते पोचलं. आणि साडेबावीस हजारांवर आपली माणसं, बहुतेक डॉक्टर व्हायला गेलेली पोरं, त्या युद्धातून बाहेर काढावी लागली ती गोष्ट वेगळीच.

पण मला तुला 1990 चं सांगायचं आहे, कारण ते तुझ्या जन्माआधीचं आणि तुझ्या कुठल्या पुस्तकात बहुधा नसेल.

2 ऑगस्ट 1990 ला इराकने कुवेत घेतलं. मी तेव्हा बँकेत काउंटरला होतो. खेड, दापोली, मंडणगड, पलीकडे म्हसळा, श्रीवर्धन, या पट्ट्यात अशी कितीतरी घरं होती की ज्यांची चूल कुवेतच्या ड्राफ्टवर पेटायची. ड्राफ्ट थांबले. बायका येऊन फक्त विचारून जायच्या, काही आलंय का. ऑगस्टच्या मध्यापासून एअर इंडियाची विमानं सुरू झाली. दोनेक महिन्यांत 488 फेऱ्या झाल्या आणि एक लाख सत्तर हजारांच्या आसपास माणसं परत आली. विमान मिळायचं ते जॉर्डनमध्ये, अम्मानला. तिथपर्यंत इराकमधून बसने आणि वाळवंटातल्या छावण्यांत दिवस काढून. एक एसी दुरुस्त करणारा माणूस माझ्यासमोर आला, खिशातून कुवेती दिनार काढून काउंटरवर ठेवले. कालपर्यंत ती जगातली सगळ्यांत महागडी नोट होती, आणि आता ती बदलून द्यायला आमच्याकडे काही सोय नव्हती. नोटा मागे सरकवताना त्याच्याकडे बघवेना.

त्याच माणसाने दुसरी एक गोष्ट बरोबर आणली होती. निडो दूधपावडरचा रिकामा डबा. त्यात सिव्हिल आयडी म्हणजे तिकडचं ओळखपत्र, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, पगाराच्या चिठ्ठ्या आणि घरभाड्याच्या पावत्या. सोनं-नाणं, टीव्ही, गाडी सगळं टाकून आला होता, डबा टाकला नव्हता.

पुढे 1991 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नुकसानभरपाईचा आयोग नेमला. पैसे इराकच्या तेलविक्रीतून यायचे. अर्ज आपापल्या सरकारमार्फत. ज्याला 2 ऑगस्ट 1990 ते 2 मार्च 1991 या काळात कुवेत किंवा इराक सोडावं लागलं, त्याला ठरीव रक्कम. एकट्याला जास्तीत जास्त 4,000 डॉलर, कुटुंबाला 8,000. मोठ्या कंपन्यांच्या आणि सरकारांच्या आधी साध्या माणसांचे दावे निकालात काढायचे, असं आयोगाने ठरवलं होतं. ही मला त्या सगळ्या कारभारातली सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट वाटते. बँक सुटल्यावर आम्ही दोघं-तिघं फॉर्म भरायला बसायचो. तिथे कळलं की युद्धानंतरची पहिली अडचण नावाची असते. पासपोर्टवर परकार, इकाम्यावर पारकर, शाळेच्या दाखल्यावर परकर. तिन्ही एकच माणूस आहे हे पटवायला प्रतिज्ञापत्र. जॉर्डनचा शिक्का अंधुक, मग त्या पानाची झेरॉक्स गडद करून पुन्हा. निडोच्या डब्यावाल्याचा अर्ज एका बैठकीत झाला. ज्यांच्याकडे अंगावरच्या कपड्यांशिवाय काही नव्हतं त्यांची फाईल महिनोन् महिने चालली. पैसे हातात पडायला वर्षं गेली. आयोगाचा शेवटचा हप्ता तर जानेवारी 2022 मध्ये चुकता झाला, एकूण 52 अब्ज डॉलरच्या वर.

त्याच धक्क्यात तेल महागलं, आखातातला पैसा आटला, परकीय चलनाची गंगाजळी तळाला गेली आणि 1991 च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात देशाला सोनं गहाण टाकावं लागलं. हे अर्थशास्त्राच्या पेपरात येतं. डबा येत नाही.

दिल्लीच्या कामाला माझा होकार आहे तो यामुळे. मात्र एक फरक नीट समजून जा. कुवेतहून आलेल्यांना परतायला घर होतं, आणायला विमान पाठवणारं सरकार होतं. 15 ऑगस्ट 2021 ला काबूल तालिबानच्या हातात गेलं, त्यानंतर तिथून आलेल्याच्या मागे असं कुणी नाही. आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही. 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही. युरोपने मार्च 2022 मध्ये युक्रेनच्या लोकांसाठी 2001 पासून नुसताच पडून असलेला तात्पुरत्या संरक्षणाचा नियम पहिल्यांदा वापरला आणि राहणं, नोकरी, शाळा, दवाखाना यांची एका झटक्यात सोय केली. दिल्लीच्या लाजपतनगरातल्या अफगाण बाईकडे संयुक्त राष्ट्रांचं एक कार्ड असतं. त्यावर नोकरीचा हक्क मिळत नाही. आधार नाही म्हणून बँकखातं अडतं, सिमकार्ड अडतं, घरमालक कुरकुरतो. काबूलला शिकवणारी बाई इथे दवाखान्यात दुभाष्याचं काम करताना दिसली तर आश्चर्य मानू नकोस, आणि हळहळूही नकोस. तिला हळहळ रोज मिळते.

तुला उपयोगी पडतील अशा दोन गोष्टी लिहून ठेव. शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलासाठी आहे, नागरिक असो-नसो. आणि आधार नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या आधार निकालात सांगितलं आहे. शाळेच्या ऑफिसात बसलेल्या कारकुनाला यातलं काही माहीत नसतं. त्याच्याशी भांडू नकोस. निकालाचा तो उतारा छापून ने, त्याच्यापुढे ठेव, आणि नाही म्हणणार असाल तर लेखी द्या, एवढं गोड आवाजात म्हण. मी पस्तीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला होतो. लेखी द्या म्हटलं की आतला माणूस हलतो, हे मी तुला खात्रीने सांगतो.

तिथे गेल्यावर पहिल्याच भेटीत, तुमच्यावर काय काय गुदरलं ते सांगा, असं कुणाला विचारू नकोस. पत्रकार विचारतात, संस्थेचा फॉर्म विचारतो, वकील विचारतो. आणखी तू कशाला? विचारायचं असेल तर विचार की उद्या कुठल्या ऑफिसात जायचं आहे, बरोबर येऊ का. काहींना हिंदी समजतं, सगळ्यांना नाही, तेव्हा ते आधी विचारून घे. इन्स्टाग्रामवर त्यांचे फोटो टाकायचे नाहीत, लहान मुलांचे तर अजिबात नाहीत. मागे राहिलेला भाऊ, बाप कुणाच्या नजरेत येईल हे तुला-मला इथे बसून कळणार नाही. आणि तीन महिन्यांनी तू परत येणार आहेस हे पहिल्याच दिवशी सांगून टाक. तुझ्यावर विसंबून राहिलेल्या माणसाला तिसऱ्या महिन्यात ते कळणं वाईट.

तुझ्या काकांचा आक्षेप मला ठाऊक आहे, बाजारात भेटले तेव्हा ऐकवलाच त्यांनी. आपल्याकडे काय कमी गरिबी आहे, आणि त्यांना आपण कशाला पोसायचं? काकांशी वाद घालू नकोस, त्यांना एकदा अंबा घाट चढवून कोल्हापूरला ने. शहराला लागून वळिवडे आहे. 1943 ते 1948 तिथे पाचेक हजार पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका नि मुलं. स्टालिनच्या राजवटीने त्यांना घरातून उचलून सैबेरियाकडे नेलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ती इथे आली. बंगालात दुष्काळाने माणसं मरत होती ती ही वर्षं, देश स्वतंत्रही नव्हता. तरी छावणी चालली. आणि ती चांगली चालली याचं मला दिसणारं कारण असं की तिचा बराचसा कारभार त्या लोकांच्याच हातात होता. त्यांची शाळा, त्यांचं चर्च, त्यांची नाटकं, त्यांचे स्काउट. कुणी त्यांना नुसतं रांगेत उभं करून वाढलं नाही. आज वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. 2022 मध्ये पोलंडने युक्रेनमधून निघालेल्या भारतीय मुलांना हद्दीतून आत घेतलं तेव्हा बऱ्याच जणांनी ही आठवण काढली. ऐकायला छान वाटतं, पण मला परतफेडीचा हिशोब इथे पटत नाही. वळिवड्यात कुणी पुढच्या ऐंशी वर्षांचं व्याज धरून बसलं नव्हतं.

काका तरीही ऐकणार नाहीत. नाही ऐकलं तर सोड. आईची परवानगी मिळाली आहे ना, तेवढी पुरे.

एक शंका मलाही आहे ती तुझ्याबद्दल. तू पटकन पेटतेस आणि पटकन विझतेस. गेल्या वर्षी किनारा साफ करायच्या मोहिमेचं काय झालं ते आपण दोघंही जाणतो. दिल्लीत अर्ध्याहून जास्त वेळ रांगेत उभं राहण्यात, झेरॉक्स काढण्यात आणि, साहेब जेवायला गेलेत, हे ऐकण्यात जाणार आहे. हे जमेल का, याचा विचार संस्थेला होकार कळवायच्या आधी कर. नाही जमणार असं वाटलं तर तसं कळव, मी काही कमी लेखणार नाही. इथेही काम आहे. जयगड-रत्नागिरीच्या बंदरांत नेपाळहून आलेले खलाशी होड्यांवर असतात, त्यांची बँकखाती नि कागदपत्रं हा स्वतंत्र विषय आहे.

जायचं ठरलं तर संस्थेकडून तीन गोष्टी लेखी मागून घे: तुझं काम नेमकं काय, रात्री उशीर झाला तर घरी पोचवायची सोय कुणाची, आणि तक्रार करायची तर कुणाकडे. ग्रुपला मी लिहिलेलं कपड्यांचं तेवढं वाचून दाखव, बाकीचं तुझ्यापाशी ठेव. तुझ्या स्वतःच्या कागदांचे दोन संच कर, एक घरी ठेव. शनिवारी ये किंवा फोन कर. फक्त दुपारी एक ते चार नको, मी झोपलेला असतो आणि ही फोन उचलून तुला भलतंच काही सांगेल.

तुझा,
मास्तरकाका